गवती चहाची सकाळ

उकळत्या पाण्यात गवती चहाची पात पडते, पाठोपाठ पुदिन्याची पाने पडतात आणि त्या हिरव्या, ओलसर सुगंधाने गोडादरा वस्तीतले आमचे दोन खोल्यांचे घर भरून जाते. सुरतेच्या चहात पुदिना हवाच! खानदेशातून आलेल्या माझ्या जिभेला तो आधी परका वाटला होता. आता त्याच्यावाचून उजाडल्यासारखे वाटत नाही. मनःस्वास्थ्य, आरोग्य हे शब्द मी शाळेत मुलांना शिकवते. त्यांचा अर्थ मात्र मला कळला तो गेल्या वर्षी, सकाळच्या या चहामुळे.

माझ्या यजमानांचे निम्मे आयुष्य यंत्रमागावर गेले. मग शेठने जुने माग भंगारात काढले, शहराबाहेर कामरेजजवळच्या शेडमध्ये पाण्याच्या झोताने धागा ओढणाऱ्या वॉटरजेट मशिनी आणल्या आणि सांगून टाकले, की शिकून घ्या, नाहीतर दुसरीकडे बघा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाने पडद्यावरची बटणे दाबायला शिकायचे! त्यांची झोप उडाली. कारखान्याबाहेरच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, दिवसभर उपाशीपोटी गोडमिट्ट चहा पिऊन ते संध्याकाळी घरी येत, ते धडधडत्या छातीने. डॉक्टरांनी रक्तदाब पाहून गोळी लिहून दिली आणि साखर व चहा कमी करायला सांगितले. गोळी ते नेमाने घेत; चहा मात्र सुटेना.

चहा तोडायचा, की त्यालाच वळण लावायचे? मी वळण लावायचे ठरवले. लारीवरचा चहा बंद. सकाळी घरी एकच कप. पत्ती बेताची, साखर नाही, आणि तो गॅलरीत बसून, संपेपर्यंत न उठता प्यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी कुरकुरत विचारले, की हा चहा आहे की काढा. मी माझा कप घेऊन शेजारी बसले. ऊन कपाभोवती दोन्ही तळवे धरून माणूस स्वस्थ बसला, की श्वास आपोआप संथ होतो. औषधाचे काम औषध करते. पण औषध घेणाऱ्याच्या मनाला टेकायला जागा कोण देते?

काही आठवडे असेच गेले. मग एका सकाळी, वाफेकडे पाहत, ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "माले हाई मशीन जमाव नही."

इतके दिवस छातीत अडकलेले ते वाक्य अखेर बाहेर पडले होते. मी समजूत घातली नाही. त्या पडद्याचा फोटो काढून आणा, एवढेच म्हटले. दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर आमची शाळा सुरू झाली. मी फोटोतले इंग्रजी शब्द वाचायचे, अर्थ सांगायचे. तो शब्द दाबल्यावर धाग्याचे काय होते, ते त्यांनी मला समजवायचे. हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला. रात्री डोळा लागू लागला. पुढच्या तपासणीत रक्तदाबही उतरलेला दिसला.

शेठना एकट्याने मशीन चालवून दाखवायच्या दिवशी मी थर्मासमध्ये तोच चहा भरून दिला. पुढचे त्यांनीच नंतर सांगितले. मशीन सुरू होताच थांबली आणि पडद्यावर लाल अक्षरे आली. शेठ मागेच उभे होते. यांनी त्यांची परवानगी घेतली, स्टुलावर बसून दोन घोट घेतले आणि मग लाल अक्षरे शांतपणे वाचली. ताण्याचा एक उभा धागा तुटला होता. तुटलेला धागा तर ते झोपेतही जोडतील!

मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. पलीकडे पाण्याचा आणि यंत्राचा एकच घनगंभीर नाद होता. त्यातून ते ओरडून म्हणाले, "आयक! चाली ऱ्हायनी!"

मी शाळेच्या पायऱ्यांवर उभी राहून तो आवाज ऐकत राहिले. कोणत्या मंगलवाद्याने मला इतका आनंद दिला असता?

दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी होती. माझ्या आधी उठून त्यांनी स्वतः चहा केला, पुदिना जरा जास्तच घातला, आणि शेजारच्या तिन्ही दारांत नेऊन दिला. शेवटी आमचे कप घेऊन गॅलरीत आले. मी मशीनबद्दल काहीतरी विचारले. वळून पाहिले, तर अर्धा कप मांडीवर धरून, भिंतीला मान टेकून ते गाढ झोपले होते. मी कप अलगद काढून घेतला. चहा निवला तर निवो, म्हटले. दुसरा करता येईल.