चष्मा पोचवायला निघालेली जयवंता

भिवपुरीच्या वीजघराच्या मागं, डोंगराला टेकून चाळीसेक उंबऱ्यांचं एक गाव आहे. तिथल्या जयवंताला स्वस्थ बसलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दीर बुधाजी आणि जाऊ जना यांच्या घरात ती राहायची. कामाला वाघ. पण काम संपलं की तिचा जीव कासावीस व्हायचा. पाणी भरलेलं असलं तरी आणखी एक खेप घालून यायची, सरपण असताना रानात जायची. "हिच्या पायाला भिंगरी हाय," जना म्हणायची. तिचं माहेर नदीपलीकडे कोसभरावर. त्यापुढची दुनिया तिनं पाहिलीच नव्हती.

चव्वेचाळीस सालच्या माघात, भाताची झोडणी उरकून गाव रिकामं झालेलं असताना, एक म्हातारा दारात येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. लोक मला अप्पा म्हणतात, असं त्यानं सांगितलं. पेन्शनीत निघालेला शाळामास्तर. मुरबाडहून पायी निघून पालीला लेकीकडे चालला होता.

"आगगाडी सोडून पायी?" बुधाजीनं विचारलं.

"बायको गेल्यापासून घरात बसवत नाही हो. चालत असलो की बरं वाटतं. म्हणून चालतो, दुसरं कारण नाही."

ताकाचा गडू पुढं करता करता जयवंताचा हात थांबला. काही काम नसताना माणूस चालतो आणि चारचौघांत तसं सांगतोही, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

म्हातारा ओटीवर निजला आणि उजाडायच्या आत निघूनही गेला. झाडताना जयवंताला घोंगडीखाली त्याचा चष्मा सापडला. तारेच्या काड्यांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"येईल परत," बुधाजी म्हणाला. "आन् नाय आला तर बरंच. चळवळीच्या लोकांपायी पोलीस रानोमाळ परकी माणसं धुंडतायत. आपल्याला कशाला ते लचांड?"

"त्यांना दिसायचं नाय, भावजी. नदीपत्तोर जाऊन बघते."

नदीवर धुणं धुणाऱ्या बाईनं हात कर्जतच्या दिशेला केला. "मघाशीच गेला. पाण्यात हात घालून कायतरी चाचपत होता बराच वेळ."

जयवंतानं मागं वळून पाहिलं. घराच्या कौलांवरून धूर निघत होता. भाताला आधण आलं असेल. तिनं चष्मा ओच्यात खोचला आणि पाण्यात पाय घातला.

कर्जतच्या बाजारपेठेत इतकी माणसं एकदम पाहून ती बावरली. एका ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या बाईला तिनं विचारलं. त्या विमलबाई.

"अगं, आले होते की! पायरी दिसली नाही, इथंच आपटले. हळद लावून दिली मी." मग त्यांनी जयवंताकडे नीट पाहिलं. "तू सकाळपासून काही खाल्लंयस का?"

त्यांनी तिला पडवीत बसवून पोळीभाजी वाढली. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा फाडून दिला. "काचा खरवडतील, यात गुंडाळ. पळसदरीच्या अंगानं जा. आणि अंधाराच्या आत कुठंतरी टेक गं बाई."

म्हातारा पडला हे कळल्यापासून जयवंताचा पाय आणखी उचलू लागला. पण दिवस बुडायला आला तसा तिचा धीर सुटला. परत फिरावं तर घर लांब, पुढं जावं तर रान. तेवढ्यात मोळी घेऊन उतरणारा एक ठाकूर दिसला. जैतू त्याचं नाव. तिनं त्याला म्हाताऱ्याबद्दल विचारलं.

"तुझा म्हातारा दुपारी गावला मला," तो हसत म्हणाला. "खुंटाला वाट पुसत व्हता! वाटंला लावला त्याला."

जयवंताला आधी हसू फुटलं, मग एकदम डोळे भरून आले. जैतूनं तिला आपल्या वाडीवर नेलं. त्याच्या बायकोनं नाचणीची भाकर आणि सुकं बोंबील पुढं केलं. "आमच्यातलं चालतंय ना?" तिनं दबकत विचारलं. जयवंतानं ठाकराघरी कधी पाणीही घेतलेलं नव्हतं. ती भाकर मोडून खाऊ लागली.

दुसऱ्या दिवशी जैतूनं तिला खोपोलीच्या सडकेपर्यंत सोडलं. तिथं कळलं, म्हातारा पालीचा फाटा चुकून खालापूरकडे गेला. लष्कराच्या ट्रका धूळ उडवत अंगावरून जात होत्या. पदर तोंडाशी धरून ती चालत राहिली आणि ऊन कलता कलता कुंभिवलीला पोचली. तिथं सडकेलगत गोमा नावाच्या गावकऱ्याच्या झोपडीपुढं बाजेवर अप्पा बसलेले होते. घोटा टम्म सुजलेला, त्यावर एरंडाची पानं बांधलेली.

"कोण?" ते डोळे बारीक करून म्हणाले.

तिनं चष्मा त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी काडीवरचा दोरा चाचपला. "मला वाटलं नदीत पडला! बाई, तुम्ही चष्म्यासाठी एवढं चालत आलात?"

"व्हय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "नाय. चष्मा नदीवरच कुणाच्या हाती धाडता आला असता. मला घरी जावंसं वाटंना."

अप्पांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"हा पाय आठ दिवस तरी टेकणार नाही," ते म्हणाले. "उमा, माझी लेक, तिकडे वाट बघत असेल. तुम्ही आता परतच जाणार असाल, नाही का?"

"पाली किती लांब हाय?"

"दीड दिवस."

जयवंता उठली. गोमाच्या बायकोनं फडक्यात दोन भाकऱ्या आणि कांदा बांधून दिला.

पालीला उमाला निरोप देऊन ती घरी आली ती नवव्या दिवशी. बुधाजीनं रागानं महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. पाणवठ्यावर बायका कुजबुजायच्या, आणि सगळ्यांत पुढं जना असायची. जयवंतानं सगळं ऐकून घेतलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाय पहिल्यापेक्षा जास्तच शिवशिवू लागले.

पुढल्या हिवाळ्यात पाटलाच्या सुनेला बाळंतपणाचा निरोप माहेरी नेरळपलीकडे धाडायचा होता. तिनं हळूच जयवंताला विचारलं. मग दुसरीनं विचारलं. हळूहळू तिचं जाणं गावाच्या अंगवळणी पडलं. सणावाराला मात्र अजूनही कुणीतरी टोमणा मारायचंच, आणि बुधाजी तेव्हा मान खाली घालायचा.

सत्तेचाळीस साली जनाची आई खोपोलीकडच्या गावी आजारी पडली. बुधाजीला बैलांमुळं हलता येईना. जना चुलीपाशी आली, घुटमळली.

"मलाबी नेशील का गं?" ती म्हणाली. "गाडीतनंच गेले आजवर, पायवाट ठावं नाय मला."

पहाटेच दोघी निघाल्या. जनाला इतकं लांब चालायची सवय नव्हती. दर शेतभर अंतरावर ती खाली बसायची. जयवंता पुढं जायची, पुन्हा मागं यायची, तिच्या भोवती फिरत राहायची. थांबणं तिला जमत नव्हतं. तरी ती थांबली.