त्यांचा सप्टेंबर, आमची खंडेनवमी

लातुरात मी क्लाऊड विकतो असं सांगितलं की निम्मे लोक पाऊस कधी पडणार ते विचारतात आणि उरलेले विषय बदलतात. आई नायगावला पाहुण्यांना एवढंच सांगते की पोरगा कॉम्प्युटरमध्ये आहे. धंदा तसा समजायला अवघड नाही. जगातल्या तीन-चार बड्या परदेशी कंपन्यांनी कॉम्प्युटरांची अवाढव्य गोदामं बांधून ठेवली आहेत आणि त्यातली जागा त्या भाड्याने देतात. ज्याच्याकडे स्वतःचं मशीन आहे त्याला गाठायचं, ‘हे काढा आणि आमच्याकडे भाड्याने या’ असं पटवायचं, की झालं. त्या कंपन्यांच्या खाली मुंबईचा एक मोठा विक्रेता, त्याच्या खाली पुण्याची आमची कंपनी, आणि पुण्याच्या कंपनीचं लातूरचं ऑफिस म्हणजे मी, एक टेबल आणि मे महिन्यात हमखास बंद पडणारा एक एसी.

या धंद्यात मी एका माणसाची नोकरी घालवली. बायकोला मी हे अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं अर्धं इथे लिहितो, कारण आता ते पोटात राहत नाही.

तो माणूस म्हणजे माझे सर. बारावीनंतर मी नायगावहून एसटीने नांदेडला जायचो आणि संध्याकाळच्या त्यांच्या हार्डवेअरच्या क्लासला बसायचो. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, त्या रंगाच्या क्रमाने लावून टोकाला प्लग दाबायचा असतो. मी नारंगी आणि हिरव्याची हमखास गल्लत करायचो. सर कधी ओरडले नाहीत. चुकलेलं टोक कात्रीने कापायचे, नवा प्लग हातावर ठेवायचे आणि ‘पुन्हा कर’ म्हणायचे. असे किती प्लग मी वाया घालवले देव जाणे. आज चार पैसे मिळवतो ते त्या प्लगांच्या जिवावर.

दिवसा सर नांदेडच्या एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. मुदखेड, नायगाव, पार माहूरकडून माणसं उपाशीपोटी तिथे रक्त द्यायला येत. सगळे रिपोर्ट एका सर्व्हरवर असत आणि तो सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत. त्या खोलीत सर चप्पल काढून जायचे. आम्ही त्यांची थट्टा करायचो की आत देव आहे का. ‘धूळ आत जाती रे बाबा,’ एवढंच ते म्हणायचे. पण खंडेनवमीला मात्र तिथे खरोखरच देव असायचा. सकाळी आठला सर मशीन रीतसर बंद करत, कोरड्या फडक्याने पुसत, हवा जाण्याची जाळी सोडून वरच्या पत्र्यावर हळदी-कुंकू लावत, झेंडूचा हार घालत आणि शेजारी स्वतःचा पाना, पेचकस, वायर दाबायचा चिमटा मांडत. नारळ फोडायला लॅबचे डॉक्टर स्वतः येत. साडेबारापर्यंत मशीनला विश्रांती. तेवढा वेळ काउंटरवरच्या मुली वहीत हाताने लिहीत आणि पेशंटला रिपोर्ट संध्याकाळी न्या म्हणून सांगत. चौदा वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

त्या लॅबला क्लाऊड विकला तो मी. डॉक्टर काचकूच करत होते तेव्हा सरच मध्ये पडले. पोरगं आपलंच हाय, घेऊन टाका, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मी लॅपटॉपवर आमचं सादरीकरण दाखवत होतो. त्यात ‘मनुष्यबळाची बचत’ असं एक पान होतं. सर माझ्या शेजारीच बसले होते, म्हणून ते पान मी भर्रकन पुढे सरकवलं. नंतर जिन्यात त्यांनी विचारलं, माझं काम ऱ्हाईल ना. मी म्हणालो, कमी होईल सर, जाणार नाही. तोंडावर खोटं बोलायला मला तेव्हा काहीच जड गेलं नाही.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. या बाजारात तीन-तीन महिन्यांचा हिशोब असतो. सप्टेंबर संपायच्या आत जे काम पुरं होईल ते त्या तिमाहीत धरायचं, आणि ग्राहकाला कबूल केलेली सूटही तेवढ्यापुरतीच. सप्टेंबर कुणाचा, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कंपनीचा. तिथली तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे एक ऑक्टोबरचे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. पुण्याचे आमचे साहेब सकाळच्या या चार-पाच जादा तासांवर फार खूश असत. म्हणायचे, देवाने आपल्याला वाढीव सकाळ दिली आहे. त्या वर्षी खंडेनवमी नेमकी त्याच सकाळी आली.

आठ दिवस आधी सरांचा फोन आला होता. ‘बाळा, नवमीला मशीन आठ ते साडेबारा बंद ऱ्हाती. ध्यानात ठेव.’

‘हाव सर,’ मी म्हणालो, ‘आठच्या आत उरकतो.’

जुने सगळे रिपोर्ट तोवर वर, क्लाऊडवर, चढून झाले होते. राहिले होते शेवटच्या तीन दिवसांचे. ते त्या सकाळी चढवायचे आणि लॅबचं काम नव्या जागेवरून सुरू करायचं, एवढंच बाकी होतं. सर रोज संध्याकाळी एका छोट्या डिस्कवर नक्कल घेत असत. माझं काम त्याने हळू होतंय म्हणून तो आठवडाभर मीच त्यांना ती घेऊ दिली नव्हती. आदल्या दिवशी पुण्याहून निरोप आला की पहाटेची वेळ दुसऱ्या बड्या ग्राहकाला दिली, तुमचं काम नऊला, चालेल ना? मी ‘चालेल’ म्हणून कळवलं. सरांचं बोलणं मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. आठवलं होतं. चांगलं आठवलं होतं. पूजा पुढे ढकला हे त्यांना सांगायची लाज वाटली, आणि साहेबांना नाही म्हणायची भीती. बघू, नऊला काहीतरी होईल, असं म्हणून मी मोकळा झालो.

नऊला माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरं आली की समोरचं मशीन सापडत नाही. अर्थातच सापडत नव्हतं, त्याच्या गळ्यात तेव्हा हार होता. थांबायचं की पुढे जायचं, एवढंच स्क्रीन विचारत होती. साहेबांचा दर दहा मिनिटांनी मेसेज, झालं का, झालं का. मी पुढे गेलो आणि ‘झालं’ असं लिहिलं. मनाशी म्हटलं, मशीन सुरू झालं की राहिलेले तीन दिवस हळूच चढवून टाकू, कुणाला कळणारही नाही. अकराला लॅबचं काम नव्या जागेवरून सुरू झालं. साडेबाराला साहेबांनी ग्रुपवर फटाक्यांची चित्रं टाकली. लोकांनी मला शाबासकी दिली आणि मी खालच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. पण ठरल्याप्रमाणे पुण्याच्या ऑफिसातल्या मुलाने, काम झालं आहे असं धरून, जुनं मशीन चालू होताच ते दुरून साफ पुसून टाकलं. सरांनी ते साडेबाराला चालू केलं होतं. मशीनवरच्या अक्षतासुद्धा अजून तशाच असतील. मी चहा पिऊन वर आलो तोवर त्या तीन दिवसांचे रिपोर्ट गेले होते.

थोडे रिपोर्ट तपासणीच्या यंत्रांच्या मेमरीत सापडले. उरलेल्या माणसांना पुन्हा बोलवावं लागलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो तेव्हा माहूरकडची एक म्हातारी बाकावर बसली होती. तिचं ऑपरेशन त्या रिपोर्टवर अडलं होतं. सून काउंटरवर भांडत होती की एकदा रक्त दिलंय तर पुन्हा कशाला. म्हातारी नुसती बाही वर करून बसली होती. मी तिच्यासमोरून डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

केबिनमध्ये डॉक्टर होते, सर होते, आणि साहेब पुण्याहून फोनच्या स्पीकरवर. साहेब गोड आवाजात म्हणाले की आमच्या नोंदीप्रमाणे काम चालू असताना मशीन तुमच्या बाजूने बंद केलं गेलं, आम्हाला कल्पना नव्हती. कल्पना मला होती. मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत बसलो. डॉक्टरांनी विचारलं की मशीन कुणी बंद केलं. ज्यांनी दर वर्षी त्याच मशीनपुढे नारळ फोडला ते डॉक्टर हे विचारत होते. सरांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी मान वर केली नाही.

‘हाव डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले, ‘म्याच बंद केली. पूजेला.’

आठ दिवस आधी मला केलेल्या फोनचा त्यांनी विषयसुद्धा काढला नाही. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं असं लिहिलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले की आता मशीनच वर गेलंय तर ते सांभाळायला माणूस तरी कशाला. दिवाळीच्या आधी सरांचं काम सुटलं. लॅबने त्यांना मिठाईचा डबा दिला. मला कंपनीने त्या तिमाहीचं प्रशस्तिपत्र दिलं. ते अजून ऑफिसच्या कपाटात उलटं ठेवलेलं आहे. फेकायचंही होत नाही.

गुढीपाडव्यानंतर सर एकदा लातूरला माझ्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. लातूरच्या एका नव्या दवाखान्याला कॉम्प्युटरचं बघणारा माणूस हवा होता आणि सरांचं जवळपास ठरलं होतं. पण तिथल्या डॉक्टरांच्या कानावर नांदेडची गोष्ट गेली होती. डॉक्टर डॉक्टरांना ओळखतात. सरांना कागद हवा होता.

‘कंपनीच्या कागदावर एवढंच लिही की मशीन बंद ऱ्हाणार हे म्या आधी सांगितलं होतं,’ ते म्हणाले. ‘बाकी काही नको.’

मी लगेच हो म्हणालो. त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत ते वाक्य लिहिलं. मग ते बघत बसलो. त्याच महिन्यात नांदेडच्या लॅबचा आमच्याशी करार पुन्हा व्हायचा होता. कंपनीच्या कागदावर माझ्या सहीने ते वाक्य गेलं असतं तर चूक आमची ठरली असती. मी ते पुसलं. त्याऐवजी लिहिलं की सर अत्यंत प्रामाणिक आहेत, कष्टाळू आहेत, तांत्रिक ज्ञान उत्तम आहे, अनेक विद्यार्थी त्यांनी घडवले आहेत. पानभर लिहिलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कुणाबद्दल लिहिलेलं नाही. सही केली, शिक्का मारला.

सरांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. मग पुन्हा वरपासून वाचलं, आणि ते काय शोधत आहेत हे मला कळत होतं. ‘चांगलं लिहिलास,’ म्हणाले आणि घडी घालून फाईलमध्ये ठेवलं. चहा पूर्ण प्यायले. माझ्या पोरीची शाळा विचारली. जिना उतरताना कठड्याला धरून उतरले, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते म्हातारे झाले आहेत.

महिन्याभराने मी त्याच लातूरच्या दवाखान्यात क्लाऊड विकायला गेलो. धंदा आहे, जावं लागतं. बोलता बोलता तिथले डॉक्टर म्हणाले की नांदेडचे एक गृहस्थ आले होते, माणूस बरा वाटला, पण जुन्या ठिकाणचा घोटाळा काय झाला ते काही सांगेनात, आणि कुणाची चिठ्ठीपण नव्हती, मग दुसऱ्याला घेतलं. चिठ्ठी नव्हती? मी दोनदा विचारलं. नव्हती म्हणाले.

बाहेर येऊन पार्किंगमधूनच सरांना फोन लावला. ते मुदखेडला कुण्या दुकानात कॅमेरे बसवत होते, शिडीवर होते, थांब खाली उतरतो म्हणाले. मी चिडूनच विचारलं की पत्र का दाखवलं नाही. आपल्या चुकीचा राग आपण दुसऱ्यावरच काढतो, तसा तो राग होता.

मागे ड्रिलचा आवाज चालू होता, तो थांबला.

‘दाखवलं असतं तर त्या डॉक्टरनं सहीखालच्या नंबरवर तुला फोन केला असता,’ ते म्हणाले. ‘मशीनचं काय झालं म्हणून इचारलं असतं. मंग तुला पुन्हा गप बसावं लागलं असतं, बाळा.’