अर्धं शलमोनाचं, अर्धं माझं

साळूबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तरी छावणीतल्या देवळापुढं, म्हणजे आमच्या चर्चपुढं, रोज सकाळी बायबलच्या वचनावर तीच बोलायची. वाचायची मी. नगरच्या मिशन शाळेत ट्रेनिंग झालेली, लग्न होऊन औरंगाबादेत आलेली मास्तरीण मी. आणि माझं काम काय, तर चार ओळी वाचायच्या, पुस्तक मिटायचं आणि एका गवत विकणाऱ्या बाईकडं तोंड करून बसायचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आता सत्तरी ओलांडल्यावर ते लपवून काय करायचं आहे?

साळूबाई मूळची कन्नड तालुक्यातली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. हर्सूलच्या बाजूला जाऊन गवत कापायची आणि भारा डोक्यावर घेऊन टांगेवाल्यांना विकायची. पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. शाळा उर्दूतून मराठीत आल्या होत्या, त्यामुळं मराठी ट्रेनिंगवाल्या बाईला चांगलाच भाव होता. शाळा तपासायला येणारे साहेबसुद्धा माझ्याशी अदबीनं बोलायचे. देवळापुढच्या लिंबाखाली मात्र मला कुत्रं विचारत नव्हतं.

कामावर जायच्या आधी दहा-बारा बायका तिथं जमायच्या. मी वचन वाचायचं, एकीनं त्यावर बोलायचं आणि सगळ्यांनी तो दिवस त्या वचनाप्रमाणं काढायचा. कुणाला काय जमलं, काय नाही, ते दुसऱ्या दिवशी सांगायचं. हा नेम माझ्या सासूबाईंनी, म्हणजे द्वारकाबाईंनी, घालून दिला होता. बोलायला साळूबाईला त्यांनीच बसवलं होतं. घरात शिकलेली सून असताना!

एकदा उद्याच्या चिंतेविषयीचं वचन निघालं. मी मनातल्या मनात तीन मुद्दे काढून तयार होते. साळूबाई म्हणाली, "उंद्याचं गवत आज कापून ठिवलं, तर उंद्यापोत्तर ते वाळतंय. टांगेवाला हात लावीत नाय त्याला. काळजीचं बी तसंच हाय बायांनो. उंद्याची उंद्या कापा." बायका माना डोलवायला लागल्या. दगडाबाईनं तर डोळे पुसले. गवतावर रडण्यासारखं काय होतं, देव जाणे.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "साळीच्या तोंडून त्योच बोलतो गं." मी भाकरी थापत होते. ती अशी थापली की शेजारीण डोकावून गेली. मला दागिना नको होता, लुगडं नको होतं. सासूबाईंनी आणि त्या बायकांनी एकदा, एकदाच, माझं बोलणं तसं ऐकावं, एवढंच हवं होतं.

म्हणून मी एके सकाळी पुस्तक उघडलं आणि वाचलं, "जो अक्षर जाणत नाही त्याने वचनाविषयी बोलू नये, मौन धरणारा मूर्खसुद्धा शहाणा गणला जातो. असं शलमोन राजा म्हणतो." दुसरा भाग शास्त्रातलाच आहे. पहिला मी आदल्या दिवशी शाळेत, मुलं गणितं सोडवत असताना, रचला होता. ती गडबडेल, काहीतरी वेडंवाकडं बोलेल आणि बायका हसतील, असा माझा हिशेब होता.

ती गडबडली नाही. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "हे मलाच हाय. आता बाई बोलतील." आणि उठून सगळ्यांच्या मागं जाऊन बसली.

मला जागा मिळाली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी रोज मुद्दे मांडत होते, दाखले देत होते. बायका ऐकत होत्या. म्हणजे गप्प होत्या. आठवड्याभरात दगडाबाईला कमरेचं दुखणं आठवलं, कुणाची म्हैस वेळेवर धार देईना. उरल्या चार-पाच जणी. साळूबाई मात्र न चुकता यायची, मागं बसायची आणि तोंड उघडायची नाही. मला वाटलं होतं, दोन दिवसांनी बोलेल. पण वचनाप्रमाणं वागणारी बाई ती. कधीपर्यंत गप्प बसायचं, ते मी रचायला विसरले होते.

तीन आठवडे असे गेले. एका रविवारी जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, ते साळीचं वचन मला पुन्ना वाचून दाव."

मी पुस्तक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचल्यासारखं केलं, "ज्याला वाचता येत नाही त्याने आपली जीभ आवरावी..."

"थांब. त्या दिवशी 'जो अक्षर जाणत नाही' व्हतं. 'बोलू नये' व्हतं."

"तेच आहे की, आत्याबाई."

"तेच नाय. मला वाचता येत नाय, म्हणून ऐकलेलं मी सांडत नाय. शास्त्र तीन हप्त्यांत बदलतं व्हय गं?"

त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी तिच्याकडं जा."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी गेले. हर्सूलच्या तळ्याच्या अलीकडं साळूबाई भारा बांधत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "साळूबाई, ते वचन शास्त्रात नाही. अर्धं शलमोनाचं आहे, अर्धं माझं. तुम्ही बोलता आणि बायका ऐकतात, ते मला बघवत नव्हतं."

हातातला विळा ती माझ्यावर उगारेल असं मला वाटलं. ती मटकन खाली बसली.

"मंग मला गप बस म्हणून देवानं नाय सांगितलं?"

"नाही. मी सांगितलं."

ती लहान मुलीसारखी रडायला लागली. "बाई, मला वाटलं, माझं बोलणं त्यालाच नको झालं. इतकी वर्सं त्याच्या नावानं बडबडले, अन् त्यो मनात म्हणत असंल, ही कवा गप बसंल. तीन हप्ते मी प्रार्थना केली नाय वो. कोणत्या तोंडानं करू?"

मला तिची फक्त जागा हवी होती. मी तिच्यापासून काय काढून घेतलं, ते मला त्या क्षणी कळलं, आणि मला स्वतःची शिसारी आली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिनं पाय मागं घेतले.

"माफ करीन," ती म्हणाली. "आज नाय जमायचं. उंद्या बायांपुढं सांगा. मंग बघू."

दुसऱ्या दिवशी सगळ्या आल्या. सासूबाई घरोघर सांगून आल्या होत्या. मी मुद्दे काढले नव्हते. जे होतं ते सगळं सांगितलं. साळूबाई मागून उठली, माझ्याजवळ आली आणि सगळ्यांदेखत तिनं मला पोटाशी धरलं. मग आपल्या जुन्या जागी बसून म्हणाली, "वाचा बाई. खरं वाचा." मी 'आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा' हे वचन वाचलं, ती बोलली.

जाताना बायकांच्या तोंडी एकच. केवढं मन साळूबाईचं! माफी द्यायला काळीज लागतं! माफी मागायला काय लागतं, ते कुणी म्हणालं नाही. सासूबाईही नाही. आणि काय सांगू, घरी पोचेपर्यंत माझा पुन्हा जळफळाट झाला होता.

बुधवारी सकाळी कुणाला काय जमलं ते सांगायची वेळ आली. मी उठले आणि म्हणाले, "मला जमलं नाही. काल तुम्ही साळूबाईला वाखाणलंत, आणि मी परत जळले."

कुणी हसलं नाही. सासूबाई माझ्याकडं एकटक बघत होत्या. दगडाबाई खाली मान घालून म्हणाली, "माझं बी तसंच हाय. माझ्या जावेला पोरगा झाला, मी अजून बघाया गेले नाय." मग तिच्या शेजारची बोलली, मग तिसरी. "बाई, तुमी अजून सांगा," साळूबाई म्हणाली. मी सांगत गेले. त्या दिवशी सगळ्यांनाच कामावर जायला उशीर झाला.