मामांना अर्थ हवा असायचा

समजलं नसताना मान डोलावणं ही कला मानली, तर चेन्नईतले माझे घरमालक हे तिचे या पृथ्वीतलावरचे एकमेव शत्रू होते. पेरुंगुडीला त्यांच्या माडीवर मी चार वर्षं राहिलो. निवृत्त हेडमास्तर, घराणं तंजावरचं, मराठी जुन्या पत्रांतून उठून आल्यासारखी. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही. कुणाच्या लग्नाला गेले की विधी थांबवून भटजींना मंत्राचा अर्थ विचारत. खोकल्याच्या औषधाबरोबरचा कागद भिंग लावून वाचत आणि तिसऱ्या ओळीला अडून थेट दुकानदाराकडे परतत. ‘पुरियलै’, म्हणजे कळलं नाही, हे ते इतक्या ऐटीत म्हणत, की ऐकणाऱ्यालाच आपण नापास झाल्यासारखं वाटे.

मी अगदी उलट. संगणकापुढे बसणारा माणूस. मला सगळंच कळत असे. एकदा उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागली. ऑफिसात इंटरनेट होतंच. दुपारच्या जेवणाआधी मला मज्जातंतूंचा एक आजार जडला होता आणि चहापर्यंत मी त्याच्या शेवटच्या अवस्थेत पोचलो होतो. सतरा पानं छापून घेतली आणि घरी येऊन मामांपुढे ठेवली.

“वाच,” मामा म्हणाले. पहिल्याच ओळीत त्यांनी हात वर केला. “इडिओपॅथिक म्हणजे काय?”

“म्हणजे... फार गंभीर.”

मामांनी जाडजूड शब्दकोश काढला. “कारण ठाऊक नाहीं, असा अर्थ आहे. पुढें?”

पुढे दर ओळीला माझी हीच गत. शेवटी ते म्हणाले, “ज्या रोगाचें वर्णन तुला कळत नाहीं, त्यानें तूं मरणार कसा बा? चल डॉक्टराकडे.”

डॉक्टरांनी हात तपासला, मी कसा बसतो ते विचारलं आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबून टाइप करू नका, खाली काहीतरी मऊ ठेवा, असं सांगितलं. त्या सतरा पानांची घडी नेमकी त्या मापाची झाली.

मग एका सकाळी मामा स्वतःच जिना चढून आले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. “हें काय लिहिलें आहे, तुझ्या इंटरनेटांत पाहा.”

“डॉक्टरांना विचारलं नाहीत?”

मामा खिडकीबाहेर बघू लागले. “नाहीं विचारलें.”

मी ऑफिसात शोधलं. त्याही पानांवर लांबलचक शब्द होते, पण या वेळी मी प्रत्येकाचा अर्थ काढला. घरी आलो, तर मामा दारातच. “कळलें?”

“नाही कळलं,” मी म्हणालो आणि माडीवर पळालो.

तासभर मला बसवेना. शेवटी खाली उतरलो आणि त्यांच्या शेजारी ओसरीवर टेकलो. “मामा, दोन्ही मूत्रपिंडं थकलीत. पूर्वीसारखी होणार नाहीत. औषधं आणि पथ्यानं जपायची. पुढं कदाचित रक्त मशीनवर धुवावं लागेल.”

त्यांनी मध्ये एकदाही हात वर केला नाही. बराच वेळ धोतराचा काठ बोटांत फिरवत राहिले.

“नीट सांगितलेंस,” ते म्हणाले. “आतां मामीला पण तूंच सांग. माझ्यानें होणार नाहीं.”

मामी स्वयंपाकघरात कॉफी गाळत होत्या. मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं, हसल्या आणि माझ्यासाठी आणखी एक पेला काढला.