सोनगीरचा उतार

धुळ्याला फार्मसीच्या पहिल्या वर्षात माझं शरीर बसून बसून आंबून गेलं. बोदवडला घरी होते तोवर केळीच्या बागेत जाणं, घरात पाणी भरणं, काही ना काही चालूच असायचं. हॉस्टेलवर आल्यावर कॉट, लॅबमधलं स्टूल आणि पुन्हा कॉट. लॅब तिसऱ्या मजल्यावर. तिथं पोचेस्तोवर धाप लागून मला बोलता यायचं नाही. माझी रूममेट एरंडोलची, तिची गत माझ्याहून वाईट. एकदा जिन्यात कठडा धरून ती म्हणाली, "अगं, आपण विशीतच म्हाताऱ्या झालो."

त्याच संध्याकाळी आम्ही हॉस्टेलच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. आधी नुसतं चालणं, मग थोडं पळणं. कंपाउंडवर बसून मुलं बघायची. मी लाजून थांबायचे. ती थांबायची नाही. "बघू दे. कंटाळले की उठतील," म्हणायची. दिवाळीनंतर रविवारी सकाळी एसटीनं सोनगीरला जाऊन किल्ला चढायचा, वर बसून शेंगदाणे खायचे आणि जेवणाच्या वेळेला परत यायचं, असं ठरूनच गेलं.

उन्हाळा लागायच्या बेतात होता तेव्हाची गोष्ट. आम्ही वर पोचलो होतो. तटाच्या कडेनं फिरताना मला घोंघाव ऐकू आला. हायवेवरचा ट्रक असेल असं वाटलं. पण आवाज खालून येत नव्हता. मी वळले तर तटाच्या कपारीतून काळा धूर निघावा तशा मधमाश्या बाहेर पडत होत्या. पोळ्याला घार धडकली की कुणी दगड मारला, ते आजवर कळलेलं नाही.

"पळ!" मी ओरडले.

ओढण्या डोक्याभोवती गुंडाळून आम्ही उताराला लागलो. पहिला डंख मानेवर बसला, मग हातावर, मग मोजणं सुटलं. मुरमाड वाटेवरून पाय घसरत होते. ती माझ्या पुढं होती, माझ्यापेक्षा वेगानं पळत होती. पायथ्याजवळ आल्यावर माशा मागं पडल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. रडू आणि हसू दोन्ही एकदम यायला लागलं.

ती मात्र गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. तिनं ओढणी काढली. ओठ सुजून जाड झाले होते, गळ्यावर लाल गांध्या उठल्या होत्या.

"माझा गळा आवळतोय," ती म्हणाली. आवाज तिचा वाटेना, घोगरा.

आठच दिवसांपूर्वी आम्ही दोघींनी हाच धडा सबमिशनसाठी लिहून काढला होता. अंगाला विष सोसलं नाही की काय होतं, कुठलं इंजेक्शन द्यायचं, ते किती लवकर द्यावं लागतं. मला सगळं पाठ होतं आणि माझ्या हातात नुसती पाण्याची बाटली होती.

ती खाली बसली. मी तिला उठवलं, तिचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि जवळजवळ ओढतच रस्त्याकडं निघाले. ती जड झाली होती. रस्त्यावर पोचल्यावर एक मोटरसायकल येताना दिसली. मी मधेच जाऊन उभी राहिले. गाडीच्या मागं चाऱ्याचा भारा बांधून चाललेले एक म्हातारे आबा होते.

"काय व्हयनं व माय?"

"मधमाश्या... हिला श्वास घेता येत नाहीये. दवाखान्यात सोडा आबा."

त्यांनी भारा सोडून रस्त्याच्या कडेला लोटून दिला. "बस मांगे." तिला मधे बसवून मी मागून घट्ट धरलं. तिचं डोकं आबांच्या पाठीवर आपटत होतं. प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज. मी तिच्या कानात बोलत राहिले. काय बोलले ते आठवत नाही. मधेच आवाज थांबला असं वाटलं आणि मी किंचाळले. आबांनी मागं वळून न बघता गाडी आणखी पळवली.

दवाखान्यात रविवार असल्यामुळं एकट्या सिस्टर होत्या. मी इंजेक्शनचं नाव घेतलं. "आहे," त्या म्हणाल्या. तेवढा एक शब्द. त्यांनी डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला, ॲम्प्यूल फोडली, मांडीत सुई टोचली. मग आम्ही वाट बघत राहिलो. मी तिचे ओठ बघत होते, सिस्टर नाडी. बऱ्याच वेळानं शिट्टी बारीक झाली. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "थंडी वाजतेय." मग माझ्या मानेतले काटे काढायला सिस्टरनी मला स्टुलावर बसवलं. आबा दारात उभे होते, ते कधी निघून गेले ते कळलंच नाही.

अँब्युलन्सनं तिला धुळ्याला हलवलं. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. एरंडोलहून तिचे वडील आले. त्यांनी मला एकच विचारलं, "किल्ल्यावर काय काम होतं तुमचं?" मग म्हणाले, "तिला मी घरी नेतो." हॉस्टेलच्या मॅडमनी रविवारचं बाहेर जाणं बंद केलं. माझ्या आईनं फोनवर शपथ घातली.

मी मैदानावर जाणंही सोडलं. लॅबमधल्या पंख्याच्या घरघरीनंसुद्धा अंगावर काटा यायचा. जिना चढताना पुन्हा धाप लागायला लागली आणि मी ती लागू दिली.

परीक्षेआधी ती परत आली, तेव्हा चेहरा पूर्वीसारखा झाला होता. पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन होतं. संध्याकाळी ती बूट घालायला बसली.

"कुठं?" मी विचारलं.

"मैदानावर. डॉक्टरांना विचारून आलेय. आणि पप्पांशी दोन दिवस भांडून."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर तुला घेऊन जातेय. ऊठ."

मैदानाच्या कोपऱ्यात कडुनिंबाला मोहोर आला होता आणि त्याच्यावर माशा होत्या, थोड्याशाच. ती लांबूनच थांबली. तिनं माझं मनगट पकडलं, नखं रुतली इतकं घट्ट. मग आम्ही तो कोपरा सोडून, मैदान अर्ध्यातूनच कापत फेरी मारली. तिनं हात शेवटपर्यंत सोडला नाही.