सोबतीला दिलेली सीट

अपमान माझा झाला. वेल्डिंगवाल्याच्या पोरीचा. यंदा, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या पहिल्या फेरीनंतरच्या रविवारी, भर दुपारी, अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात, शाळेच्या मांडवात. लपून नाही. माईकवर.

बारावी झालेल्यांचा सत्कार होता. फेटे बांधणारा माणूस खास जालन्याहून आणलेला. माझ्या डोक्याला दोन-तीन वेढे बसले होते. तेवढ्यात आबासाहेबांनी विचारलं, "ही कुठं चालली?" आबासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागायतदार आणि शाळेचे अध्यक्ष. मी म्हणाले, टेक्नॉलॉजीच्या डिग्रीला. पुस्तक कमी, वर्कशॉप जास्त. कारखान्यातली यंत्रं चालवायची, उघडायची, दुरुस्त करायची.

"म्हंजी इंजिनिअर न्हाई," ते माईकवर म्हणाले. "सोड रे तिचा फेटा. फेटा इंजिनिअर-डॉक्टरला. हिला गुलाब द्या. बाप वेल्डिंग करून राह्यला, पोरगी टेक्नॉलॉजी करंल. बराबर हाय की."

मांडव हसला. फेटेवाल्यानं वेढे उलटे सोडले. माझे केस विस्कटले. तोच फेटा झटकून त्यानं ऋतुजाच्या डोक्याला बांधला. ऋतुजा आबासाहेबांची मुलगी. पहिलीपासून माझ्या वर्गात. मार्क मला जास्त.

मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहिते, हेही त्यातलंच. पत्रकात असं कोणी कबूल करत नाही, पण लिहिते. मला रडू आलं नाही. हेवा वाटला. तिच्या फेट्याचा, तिच्या फोटोचा, तिच्या आईनं पेढे वाटताना मला ऐकू जाईल असं म्हटलेल्या "आमच्या इंजिनिअरबाई"चा. टेक्नॉलॉजी मी स्वतः निवडली होती. गणिताची पानं भरण्यापेक्षा गिअरबॉक्स उघडायला मला आवडतं. जालन्याच्या एमआयडीसीत लाल तापलेली सळई मशीनमधून सरसर पळताना पाहिली, तेव्हाच ठरलं होतं. आणि एका दुपारीत ते सगळं हलकं वाटायला लागलं. मला इंजिनिअरिंगच पाहिजे झालं. शिकायला नाही. तिच्याकडं आहे म्हणून.

बुधवारी आबासाहेब आमच्या दुकानात आले. बापानं हातातलं वेल्डिंग थांबवलं.

"मनाला लावून घेतलं काय गं? मजाक होती ती. ऐक, ऋतुजाच्या कॉलेजात तुलाबी सीट करून देतो. खर्चा माझा. तिला एकटीला पाठवायचं जिवावर येऊन राह्यलं. तू सोबत राह्य. एकाच खोलीत. तिचा डबा, कपडे, प्रॅक्टिकलच्या फायली, तेवढं बघ."

"म्हंजी मी शिकायला जाऊ का कामाला?"

"दोन्ही. डिग्री तर इंजिनिअरिंगचीच भेटंल ना?"

बाप माझ्याकडं बघत होता. त्याला ते पाहिजे होतं. मलाही. तोंडापर्यंत हो आलं होतं. जिच्यासाठी मी रविवारपासून जळत होते ती डिग्री समोर उभी होती. फक्त ऋतुजाच्या खोलीतला केर काढून घ्यायची.

"न्हाई आबासाहेब. मला टेक्नॉलॉजीच करायची. तुमच्या पोरीचे कपडे तिला धुवू द्या."

"माजली तुझी पोरगी," ते बापाला म्हणाले. बापानं वेल्डिंग परत सुरू केलं. मला गप्प बस म्हणाला नाही.

हेवा गेलेला नाही. कॉलेजच्या पायरीवरचा तिचा फोटो स्टेटसला दिसला की अजून दोनदा उघडून बघते. जळत जळत शिकीन. कोणाची सोबत म्हणून शिकणार नाही.

आता तुम्ही. तुमच्या घरात बारावी झालेली पोरगी असेल तर आज तिला समोर बसवा. काय शिकायचंय ते विचारा. तिचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडू नका. आणि असा कोणी सीट घेऊन दारात आला, तर त्याला चहा विचारू नका. उभ्या उभ्या परत पाठवा.