एक्केचाळिसावी ओळ

आण्णा गेले, त्यानंतर महिनाभरानं काकूंनी त्यांचा लॅपटॉप माझ्यापुढं धरला. "तुझ्या कामाचं काय हाय का बघ ह्यात. भाच्याला देणार हाय, कॉलेजला." मी उघडूनसुद्धा पाहिला नाही. "प्रोग्रॅम सगळे मशीनमध्ये आहेत की, काकू," असं शहाण्यासारखं बोलून मोकळी झाले.

शिरोली एमआयडीसीत आण्णांचं कंट्रोल पॅनेलचं वर्कशॉप होतं. मी तिथं वायरी कापायला लागले आणि त्यांच्या हाताखाली पीएलसी शिकले. पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू, असं जो तो सांगतो. आण्णांना ते पटायचं नाही. "मेंदू कसला? सांगकाम्या हाय त्यो. सांगशील तेवढंच करंल."

प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीवर माणसासाठी टीप लिहायची सोय असते. मशीन ती वाचत नाही. बाकीचे तिथं काहीतरी दोन शब्द खरडतात. आण्णा मात्र इंग्रजी अक्षरांत अस्सल कोल्हापुरी लिहायचे. पाण्याच्या व्हॉल्व्हवर 'सोड, पण बेतानं'. ओव्हरलोडवर 'मोटर दमली, बसू दे जरा'. लाल बटणावर 'आदी माणूस, मग माल'. मी हसायचे. आता त्या टिपांसाठी जीव तुटतो.

परवा ओतकामाच्या एका फाउंड्रीतला, साच्यांची वाळू मळणाऱ्या मिक्सरचा जुना पीएलसी बदलायचं काम आलं. प्रोग्रॅम आण्णांचा. जुन्या पीएलसीला केबल जोडली. इतक्या वर्षांनी ते पुन्हा बोलणार होते. बासष्टच्या बासष्ट ओळी स्क्रीनवर आल्या. टीप एकही नाही. त्या मॉडेलमध्ये टिपा मशीनमध्ये जातच नाहीत, ज्या कॉम्प्युटरवर लिहिल्या तिथंच राहतात. हे मीच नव्या पोरींना शिकवते. लोका सांगे ब्रह्मज्ञान! भाच्याला फोन केला, तर त्यानं लॅपटॉप मिळाला त्याच दिवशी त्यातलं सगळं पुसून टाकलेलं.

मग आठवेल तशा टिपा लिहीत गेले. पुष्कळ आठवल्या. एक्केचाळिसाव्या ओळीवर अडले. तिथं चार सेकंदांचा टायमर आहे. मिक्सरचं दार बंद झालं की चार सेकंद थांबायचं, मगच नवी वाळू घ्यायची. दार लागल्याचं सांगायला स्विच वेगळा आहेच. मग हे थांबणं कशाला? त्या ओळीची टीप लांबलचक होती, चौकटीत मावत नव्हती. मी चिडवलं होतं, "आण्णा, ही काय पोथी लिहिलीय?" ते म्हणाले, "सवडीनं वाच की." मला सवड झाली नाही.

मिक्सरवरच्या जुन्या ऑपरेटरमामांना विचारलं. ते म्हणाले, "थांबतंय व्हय? मला वाटलं, त्याची चालच तशी हाय."

टायमर काढून मिक्सर दिवसभर चालवून पाहिला. काही बिघडलं नाही. मॅनेजर खूश झाले, वाळूच्या दर घाण्यामागं चार सेकंद वाचत होते. "मॅडम, असंच ठेवा." मी हो म्हटलं आणि पॅनेलपाशी येऊन बसले. आण्णांनी उगाच कधी एक वायर जास्तीची ओढली नव्हती. त्यांना दिसलेलं काहीतरी मला दिसत नव्हतं, आणि विचारायला ते नव्हते. त्यांची इतकी आठवण आली की स्क्रीन दिसेना.

टायमर परत घातला. मॅनेजरना स्पष्ट सांगितलं, कारण मला माहीत नाही, पण हे राहील. ते कुरकुरले.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं चालतात. एक्केचाळिसाव्या ओळीवर मी लिहिलं, 'हे कशासाठी, ते आण्णांना ठाऊक. काढू नये.' चौकटीत अजून जागा होती. मशीन काही वाचणार नव्हतं, म्हणून पुढं लिहिलं, 'आण्णा, वाचायचं राहिलं.'